राष्ट्रपती, राज्यपाल आणि कलम ३६१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यपालांचा एखादा निर्णय गाजला की तेच प्रश्न पुन्हा येतात. यांना कोर्टात खेचता येतं का? गुन्हा नोंदवता येतो का? फाईल अडवली तर कुणाकडे जायचं? सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अपवादांचे आहेत.

१. राष्ट्रपती किंवा राज्यपालांवर केस करताच येत नाही, हे खरं का?

अर्धंच खरं. राज्यघटनेच्या कलम ३६१ मध्ये चार पोटकलमं आहेत आणि लोक ती एकात एक मिसळतात. पहिलं म्हणतं, पदाच्या अधिकारात केलेल्या किंवा केल्याचं दिसणाऱ्या कामाबद्दल ते कोणत्याही न्यायालयाला जबाबदार नाहीत. दुसऱ्यानुसार पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला सुरू करता येत नाही आणि आधीचा चालू असेल तर तो पुढे नेता येत नाही. तिसरं पदावर असताना अटक किंवा कैदेचा आदेश काढायला मनाई करतं. चौथं मात्र खासगी व्यवहारांवरून दिवाणी दावा करायला परवानगी देतं, फक्त आधी नोटीस लागते (प्रश्न १० पाहा).

पहिल्या पोटकलमालाच एक परंतुक जोडलेलं आहे: भारत सरकार किंवा राज्य सरकारविरुद्ध दाद मागण्याच्या कुणाच्याही हक्काला यामुळे बाधा येत नाही. खाली दिलेले बहुतेक निकाल या एका वाक्यावर उभे आहेत. संरक्षण त्या पदावरच्या माणसाला आहे, त्याने सही केलेल्या निर्णयाला नाही.

२. पंतप्रधान, मुख्यमंत्री, उपराष्ट्रपती, नायब राज्यपाल यांनाही हेच संरक्षण आहे का?

नाही. कलम ३६१ मध्ये राष्ट्रपती, राज्यपाल आणि (आता इतिहासजमा झालेले) राजप्रमुख एवढेच आहेत. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री तिथे नाहीत. २१ मार्च २०२४ रोजी दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना पदावर असतानाच अटक झाली होती. उपराष्ट्रपतींनाही संरक्षण नाही, पण ते राष्ट्रपती म्हणून काम पाहत असतील तर तेवढ्या काळापुरतं कलम ६५ नुसार मिळतं. नायब राज्यपाल हा शब्द या कलमात नाही. गोव्याच्या जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण ३० मे १९८७ पर्यंत तिथे नायब राज्यपाल होते, राज्यपाल नव्हते.

मंत्र्यांना मिळते ती खटल्यापूर्वीच्या मंजुरीची ढाल, आणि ती वेगळी गोष्ट आहे. मुख्यमंत्र्यांवरच खटला भरायचा असेल तर मंजुरी देताना राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नव्हे, स्वतःच्या विवेकाने ठरवायचं, हे महाराष्ट्रातल्याच प्रकरणात पक्कं झालं: बॅ. अ. र. अंतुले यांच्याविरुद्धच्या तक्रारीत, १९८२ साली. ज्याच्यावर आरोप त्याच्याच मंत्रिमंडळाने खटल्याला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणं न्यायाला धरून झालं नसतं.

३. शासन निर्णयाखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं लिहिलेलं असतं. मग त्याला आव्हान देता येत नाही का?

बिनधास्त देता येतं. कलम १६६ सांगतं की राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने व्हायचा; केंद्रात हेच काम कलम ७७ करतं. शाळेच्या अनुदानापासून बदलीच्या आदेशापर्यंत प्रत्येक कागदावर ती ओळ असते आणि खाली सही उपसचिवाची किंवा अवर सचिवाची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. त्या ओळीमुळे एवढंच होतं की तो आदेश सरकारचा नाहीच, असा मुद्दा काढता येत नाही. आदेश कायद्याला धरून आहे का, हे न्यायालय तपासतंच.

करारांचंही असंच. कलम २९९ नुसार सरकारी करार राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या नावाने होतात, पण त्याची वैयक्तिक जबाबदारी त्यांच्यावर किंवा सही करणाऱ्या अधिकाऱ्यावर येत नाही. बिल थकलं तर दावा सरकारवर.

४. मग याचिकेत प्रतिवादी कुणाला करायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. राज्यपालांचं नाव प्रतिवादी म्हणून घातलं की कार्यालयीन हरकत निघते, नाव वगळायला वेळ जातो आणि तातडीचं प्रकरण आठवडाभर मागे पडतं. ‘महाराष्ट्र शासन, मुख्य सचिवांमार्फत’ हा पहिला प्रतिवादी. संबंधित खात्याचा सचिव दुसरा. राज्यपालांच्या कार्यालयातला पत्रव्यवहार किंवा नोंदी लागणार असतील तर राज्यपालांचे सचिव किंवा प्रधान सचिव. महाराष्ट्रातल्या २०२२ च्या सत्तासंघर्षाच्या प्रकरणाचं शीर्षकही ‘सुभाष देसाई विरुद्ध प्रधान सचिव, महाराष्ट्राचे राज्यपाल’ असंच आहे, ते उगाच नाही. राष्ट्रपतींच्या निर्णयाला आव्हान असेल तर ‘भारत सरकार’, संबंधित मंत्रालयाच्या सचिवांमार्फत.

मागणीची भाषाही नीट हवी. ‘राज्यपालांनी खुलासा करावा’ अशी मागणी टिकत नाही. ‘अमुक तारखेचा आदेश रद्द करावा’ ही टिकते. आकसाचा आरोप करायचा असेल तर तारखा आणि कागदांसह करा. बिहार विधानसभेच्या विसर्जनाबद्दलच्या रामेश्वर प्रसाद खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांना नोटीस काढता येणार नाही, पण म्हणून आकसाच्या आरोपाची छाननी थांबत नाही. उत्तर सरकारने द्यायचं.

रिट याचिकेला आगाऊ नोटीस लागत नाही. सरकारवर दिवाणी दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते, ती राज्य सरकारच्या सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देतात. ही नोटीस आणि प्रश्न १० मधली नोटीस वेगळ्या आहेत.

५. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला धुडकावला तर?

तसं करायची मुभा नाही. शमशेर सिंग खटल्यात (१९७४) सात न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की घटनेत जिथे जिथे राष्ट्रपतींची ‘खात्री’ असं म्हटलंय तिथे ती मंत्रिमंडळाची खात्री समजायची. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याची मुभा दिली, पण तोच सल्ला पुन्हा आला तर मानावाच लागतो. राज्यपालांना काही मोजक्या बाबतींत स्वतःचा विवेक वापरता येतो, उदाहरणार्थ कुणाचं बहुमत दिसतं ते पाहून सरकार स्थापनेला बोलावणं.

सल्ला म्हणजे दर वेळी बैठक झालेली असते, असं मात्र नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, ती केंद्राच्या कामकाज नियमांतल्या नियम १२ चा आधार घेऊन. या नियमाने पंतप्रधान मंत्रिमंडळाची बैठक न घेता निर्णय घेऊ शकतात आणि मंजुरी मागाहून घेतली जाते. अपवादात्मक निकडीसाठीचा हा नियम आहे. सरकार स्थापनेच्या वेळेशी त्याची सांगड घालणं आम्हाला घटनेच्या आत्म्याला धरून वाटत नाही.

आणीबाणीपुरतं हे दार आता बंद आहे. २५ जून १९७५ ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची मंजुरी नसतानाच उद्‌घोषणेवर सही केली होती. ४४ व्या दुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत.

६. सल्ला काय दिला हे न्यायालय विचारू शकत नाही म्हणतात. मग तपासणार तरी काय?

कलम ७४(२) सल्ल्यावर पडदा टाकतं, सल्ल्यामागच्या सामग्रीवर नाही. ११ मार्च १९९४ च्या एस. आर. बोम्मई निकालाचा गाभा हाच आहे. राष्ट्रपती राजवट लावताना राज्यपालांचा अहवाल, पत्रं, आकडे जे काही समोर होतं ते न्यायालय मागवू शकतं. ते विषयाशी संबंधित होतं का, त्यावरून असा निष्कर्ष निघू शकतो का, हेतू स्वच्छ होता का, हे बघितलं जातं. त्यावरून दुसरा कुणी वेगळ्या निष्कर्षाला आला असता का, हे नाही. त्याच निकालाने बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहात व्हायची हे ठरवलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला आदेश देऊन २७ ला संध्याकाळी पाचपर्यंत, गुप्त मतदान न घेता, थेट प्रक्षेपणासह चाचणी घ्यायला सांगितलं ते याच परंपरेतून.

७. राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही, नुसती फाईल ठेवून दिली, तर?

होकार किंवा नकार आला तर आव्हान द्यायला काहीतरी हातात असतं. मौनाला आव्हान द्यायचं कसं, हा खरा पेच आहे.

महाराष्ट्रातलं उदाहरण विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त १२ जागांचं. मंत्रिमंडळाची शिफारस नोव्हेंबर २०२० मध्ये गेली आणि महिनोन्‌महिने काहीच झालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी जो निकाल दिला तो वाचण्यासारखा आहे. राज्यपाल न्यायालयाला जबाबदार नाहीत हे मान्य करून न्यायालयाने सांगितलं की शिफारस स्वीकारणं किंवा परत पाठवणं हे त्यांचं घटनात्मक कर्तव्य आहे, ते वाजवी मुदतीत व्हायला हवं आणि आठ महिने ही वाजवी मुदत नव्हे. राज्यपालांना आदेश मात्र दिला नाही. नियुक्त्या झाल्या नाहीत, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. कायद्याचं बरोबर उत्तर मिळूनही हाती काही न लागणं कसं असतं, ते या प्रकरणात दिसतं.

विधेयकांच्या बाबतीत चित्र दोनदा बदललं आहे, म्हणून जुने लेख वाचून मत बनवू नका. ८ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपाल आणि राष्ट्रपतींसाठी मुदती आखून दिल्या आणि दहा विधेयकांना संमती मिळाल्याचं मानलं. मग राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली १४ प्रश्न न्यायालयाकडे पाठवले. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं: न्यायालय अशा मुदती आखू शकत नाही आणि ‘मानीव संमती’ ही कल्पना घटनेत बसत नाही. राज्यपालांपुढे तीनच वाटा आहेत: संमती देणं, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं, किंवा संमती रोखून विधेयक अभिप्रायासह विधिमंडळाकडे परत पाठवणं. नुसतं रोखून धरणं ही चौथी वाट नाही. विलंब दीर्घ, विनाकारण आणि बेमुदत असेल तर ‘वाजवी वेळेत निर्णय घ्या’ एवढाच मर्यादित परमादेश न्यायालय देऊ शकतं. काय निर्णय घ्या हे सांगू शकत नाही. अशा वेळी कलम ३६१ चा आडोसा घेता येत नाही, हेही घटनापीठाने नोंदवलं.

म्हणून आज याचिका करताना शिफारस किंवा विधेयक कधी गेलं, स्मरणपत्रं कधी गेली, उत्तर आलं का, याचा तारीखवार तक्ता जोडणं अत्यावश्यक आहे. विलंब विनाकारण होता हे त्यातूनच दिसणार.

८. राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरला, तरी गेलेलं सरकार परत का येत नाही?

निर्णय बेकायदा ठरवणं आणि घड्याळ मागे फिरवणं या दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी आपोआप मिळत नाही. ११ मे २०२३ च्या सुभाष देसाई निकालात घटनापीठाने म्हटलं की ३० जून २०२२ ला बहुमत चाचणीला बोलावण्याइतकी सामग्री राज्यपालांपुढे नव्हती. पण चाचणीला सामोरं न जाता मुख्यमंत्र्यांनी आदल्या रात्री राजीनामा दिला होता, म्हणून जुनी स्थिती आणता आली नाही. बिहारमध्ये विसर्जन घटनाबाह्य ठरलं, पण तोवर निवडणूक प्रक्रिया सुरू झाली होती. उलट अरुणाचलात जुलै २०१६ मध्ये नबाम रेबिया निकालाने पदच्युत सरकार परत आणलं.

आम्ही काढलेला व्यावहारिक धडा असा: ज्याला दाद मागायची आहे त्याने राजीनामा देऊ नये, चाचणीला सामोरं जावं, आणि अंतरिम आदेश नाकारला गेला तरी ‘अंतिम निकालाच्या अधीन’ एवढी ओळ तरी नोंदवून घ्यावी.

९. राज्यपालांवर पोलीस गुन्हा नोंदवू शकतात का? पद गेल्यावर काय होतं?

पोटकलम (२) मधले शब्द ‘कोणत्याही न्यायालयात फौजदारी कार्यवाही’ असे आहेत. गुन्ह्याची नोंद आणि तपास ही न्यायालयातली कार्यवाही आहे का, यावरच वाद आहे. पश्चिम बंगालमध्ये राजभवनातल्या एका महिला कर्मचाऱ्याने राज्यपालांवर विनयभंगाचा आरोप केला, राज्यपालांनी तो नाकारला. संरक्षणाची व्याप्ती ठरवावी या तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नोटीस काढली. आमचं मत असं की खटला थांबला तरी पुरावा जपणं थांबू नये. पाच वर्षांनी सीसीटीव्ही चित्रण मिळत नाही.

पद संपलं की खटला उभा राहतो, आणि याचं ठळक उदाहरण कल्याण सिंग यांचं आहे. बाबरी मशीद प्रकरणात एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते राजस्थानचे राज्यपाल आहेत तोवर आरोप निश्चित करता येणार नाहीत, पायउतार झाल्यावर लगेच करावेत. सप्टेंबर २०१९ मध्ये कार्यकाळ संपला आणि त्याच महिन्यात विशेष न्यायालयाने आरोप निश्चित केले. ३० सप्टेंबर २०२० च्या निकालात ते इतरांसोबत निर्दोष सुटले.

पदाच्या कामाबद्दलचं संरक्षण, म्हणजे पोटकलम (१), मात्र पद सोडल्यावरही टिकतं. ‘पदावर असेपर्यंत’ हे शब्द त्यात नाहीत.

१०. भाडं थकलंय, जमिनीचा वाद आहे आणि समोरचा माणूस आता राज्यपाल झालाय. दावा करू शकतो का?

करू शकता, व्यवहार ते पद मिळण्याआधीचा असला तरी. मात्र आधी लेखी नोटीस त्यांच्या हातात किंवा त्यांच्या कार्यालयात पोचायला हवी आणि त्यानंतर दोन महिने थांबावं लागतं. नोटिशीत दाव्याचं स्वरूप, दाव्याचं कारण, दावा करणाऱ्याचं नाव, वर्णन व राहण्याचं ठिकाण आणि काय दाद हवी, हे सगळं पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी दावा त्यावरच अडतो. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा, कारण दोन महिने नोटीस पोचल्या दिवसानंतर मोजले जातात, पाठवल्यापासून नव्हे. मुदत संपत आली असेल तर घाबरू नका: मुदत कायदा, १९६३ च्या कलम १५(२) नुसार कायद्याने सक्तीच्या केलेल्या नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो.

११. राष्ट्रपतींना साक्षीसाठी बोलावता येतं का?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ने राष्ट्रपती आणि राज्यपालांना प्रत्यक्ष हजेरीतून सूट आहे. पण ही सूट आहे, बंदी नव्हे. १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीला आव्हान दिलं गेलं तेव्हा व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपतिपदावर असताना सर्वोच्च न्यायालयात स्वतः साक्ष देऊन आले. निवडणुकीचा वाद कलम ७१ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयात चालतो, आणि तिथे कलम ३६१ आड येत नाही.

१२. महाभियोग नेमका कसा चालतो? राज्यपालांवर आणता येतो का?

राष्ट्रपतींवर एकाच कारणासाठी येतो: घटनाभंग. कोणत्याही सभागृहातल्या किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीची १४ दिवसांची नोटीस, मग त्या सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या (हजर असलेल्यांच्या नव्हे) दोन-तृतीयांश मतांनी ठराव, मग दुसऱ्या सभागृहात चौकशी आणि तिथेही तेवढंच बहुमत. राष्ट्रपतींना बाजू मांडता येते. आजवर एकाही राष्ट्रपतींवर महाभियोग सिद्ध झालेला नाही.

राज्यपालांवर महाभियोग नाही. ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. बी. पी. सिंघल खटल्यात (२०१०) न्यायालयाने या मर्जीलाही लगाम घातला: केंद्रातलं सरकार बदललं, एवढ्या कारणावरून राज्यपालांना काढता येत नाही.

१३. अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून विधिमंडळ टाळता येतं का?

येत नाही, आणि हे थांबवण्याचं श्रेय पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या डॉ. डी. सी. वाधवा यांच्या चिकाटीला जातं. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा जारी करून जिवंत ठेवले गेले, काही तर १४ वर्षांपर्यंत. हे त्यांनी राजपत्रं चाळून शोधलं आणि सर्वोच्च न्यायालयात नेलं. डिसेंबर १९८६ च्या निकालाने या प्रथेला घटनेची फसवणूक म्हटलं आणि राज्याने वाधवांना १०,००० रुपये खर्च द्यावा असा आदेश दिला. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढे जाऊन अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक असल्याचं सांगितलं.

१४. दयेच्या अर्जावरचा निर्णय तरी अंतिम असतो ना?

त्यालाही मर्यादा आहेत. विचार न करता, आकसाने, गैरलागू कारणांवरून किंवा महत्त्वाची कागदपत्रं बाजूला ठेवून दिलेली माफी रद्द होऊ शकते. २००६ मध्ये आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षामाफी अशीच रद्द झाली. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने दयेच्या अर्जावरचा अवाजवी विलंब हे फाशीचं जन्मठेपेत रूपांतर करण्याचं कारण मानलं आणि अर्ज फेटाळल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस ठेवायला सांगितले.

१५. अमेरिकेच्या अध्यक्षांना आपल्यापेक्षा जास्त संरक्षण आहे का?

तुलना सरळ होत नाही. अमेरिकेच्या घटनेत कलम ३६१ सारखं काही लिहिलेलंच नाही. जे आहे ते निकालांतून आलं. १ जुलै २०२४ च्या ट्रम्प निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं की अध्यक्षांच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांना पूर्ण फौजदारी संरक्षण, इतर अधिकृत कामांना खोडून काढता येईल असं गृहीत संरक्षण, आणि खासगी कृत्यांना काहीच नाही. आपल्याकडे पदावर असेपर्यंत खासगी गुन्ह्याचाही खटला थांबतो. पण तिथे अध्यक्ष स्वतः निर्णय घेतो, इथे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात आणि ते मंत्रिमंडळ कलम ३६१ च्या बाहेर आहे. हा फरक लक्षात न घेता केलेली तुलना दिशाभूल करते.

१६. घटनादुरुस्ती करून आयुष्यभराचं संरक्षण देता येईल का?

प्रयत्न झाला होता. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, ४१ व्या घटनादुरुस्तीचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि राज्यपाल यांच्यावर पद घेण्यापूर्वीच्या किंवा पदावर असतानाच्या कृत्यांसाठी कधीही फौजदारी खटला भरता येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. ते लोकसभेत आलं नाही म्हणून बारगळलं. आज ४१ वी दुरुस्ती म्हणून जी दिसते ती वेगळी आहे, लोकसेवा आयोगाच्या सदस्यांच्या वयाबद्दलची. शोधताना गल्लत होऊ देऊ नका. त्याच वर्षी पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारं पोटकलम ३२९अ(४) सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला रद्द केलं. तसं विधेयक पुन्हा आलं तर पहिली कसोटी घटनेच्या मूलभूत चौकटीची असेल.

१७. राज्यपालांच्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो का?

करता येतो. गोव्याच्या राजभवनाने माहिती नाकारली तेव्हा तेव्हाचे विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर यांच्या अर्जावरून वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेला आणि २०११ मध्ये निकाल लागला: राज्यपाल हे माहिती अधिकार कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण आहेत, कलम ३६१ मुळे ते कायद्याबाहेर जात नाहीत. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्ज राज्यपालांच्या नावाने नव्हे, त्यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने करा. ‘निर्णय का घेतला’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. ‘अमुक क्रमांकाच्या प्रस्तावावरची टिपणी, आवक-जावक तारखा आणि पत्रव्यवहाराच्या प्रती’ असं मागा. त्याच तारखा प्रश्न ७ मधल्या तक्त्याला लागतात.